डेटा ॲनालिटिक्सची ऑनलाइन मास्टर्स पदवी: निवडीपासून शेवटच्या प्रोजेक्टपर्यंत

डेटा ॲनालिटिक्समध्ये ऑनलाइन मास्टर्स करायचे मनात आले की माणूस पहिल्याच आठवड्यात दहा-बारा विद्यापीठांची माहितीपत्रके उघडून बसतो आणि चार दिवसांत त्याला सगळे अभ्यासक्रम एकसारखे दिसू लागतात. सगळीकडे सवडीने शिकण्याची तीच ग्वाही असते आणि सॉफ्टवेअरच्या नावांची तीच लांबलचक यादी असते. माझ्या मते हा शोध विद्यापीठाच्या नावापासून सुरू करूच नये. आपल्याला आठवड्याला किती तास खरोखर मिळणार आहेत आणि त्या तासांत विद्यार्थ्याकडून नेमके काय करून घेतले जाते, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. नावाचा विचार त्यानंतर करावा. संगणकशास्त्राची किंवा संख्याशास्त्राची पदवी नसलेला आणि नोकरी सांभाळून शिकू पाहणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: पदवी हवी की कौशल्य, हे ठरवणे

कामाच्या ठिकाणचे रिपोर्ट लवकर आणि बिनचूक निघावेत एवढीच ज्याची अपेक्षा आहे, त्याला मास्टर्सची गरज नसते. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि डॅशबोर्डचे, म्हणजे आकडे आलेखांत एकत्र दाखवणाऱ्या पडद्याचे, एखादे साधन चार-सहा महिने नेटाने शिकले तर ते काम भागते. संख्याशास्त्राचा पाया शिस्तीने घालून घ्यायचा असेल, हव्या असलेल्या पदाच्या अटींत मास्टर्स स्पष्ट लिहिलेले असेल किंवा पुढे संशोधनाकडे वळायचे असेल, तर मात्र पदवीचा विचार करणे योग्य ठरते. यांपैकी एकही कारण लागू नसताना केवळ क्षेत्राला मागणी आहे म्हणून प्रवेश घेतला, तर पहिल्या अवघड विषयापाशीच उत्साह ओसरण्याची शक्यता मोठी असते.

नावांतही गोंधळ आहे. सर्वसाधारणपणे 'बिझनेस ॲनालिटिक्स' व्यवस्थापनाकडे झुकलेले असते, 'डेटा सायन्स' प्रोग्रॅमिंग आणि मशीन लर्निंगकडे (डेटावरून संगणकाला भाकीत करायला शिकवणे), आणि 'डेटा ॲनालिटिक्स' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पण ही वाटणी कोणी कायद्याने बांधून दिलेली नाही. एकाच नावाच्या दोन पदव्यांत संख्याशास्त्राचा वाटा एकीकडे एक विषय आणि दुसरीकडे पाच विषय असा असू शकतो. त्यामुळे नाव बाजूला ठेवून कोणत्या विषयाला किती क्रेडिट (अभ्यासाच्या कामाचे मोजमाप) दिली आहेत ती मोजावीत.

दुसरी पायरी: मान्यता तपासणे

हे काम अर्ध्या तासाचे असले तरी टाळू नये. विद्यापीठ ज्या देशातील आहे तेथील नियामक संस्थेच्या यादीत त्याचे नाव आहे का, आणि ऑनलाइन पद्धतीने तीच पदवी देण्याची त्याला परवानगी आहे का, हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकातील शिक्क्यावर विसंबू नये. पदवी एका देशाची आणि नोकरी दुसऱ्या देशात असा बेत असेल, तर दुसऱ्या देशात ती समकक्ष धरली जाते का, याचीही लेखी खात्री करून घ्यावी. पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमके काय छापले जाते, हेही विचारावे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची आणि २०१७ मध्ये ॲनालिटिक्सची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली, तेव्हा कॅम्पसवर मिळते तीच पदवी ऑनलाइन विद्यार्थ्यालाही द्यायची असे धोरण ठेवले. सगळीकडे तसे असेलच असे नाही.

अनेक ठिकाणी विद्यापीठाचे नाव पुढे असते आणि जाहिरात, प्रवेश, कधी कधी शिकवणेसुद्धा एखादी खासगी कंपनी सांभाळत असते. त्यात मुळात गैर काही नाही. पण शिकवणार कोण, पेपर तपासणार कोण आणि शंका विचारल्यावर उत्तर देणार कोण, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. प्रवेशाच्या चौकशीसाठी एका ठिकाणी मी फोन केला, तेव्हा 'सवलतीचा आज शेवटचा दिवस' असे सलग तीन आठवडे ऐकत होतो. शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे नाव मात्र तीन आठवड्यांत कळले नाही. तो पर्याय मी यादीतून काढून टाकला.

तिसरी पायरी: अभ्यासक्रम वाचायला शिकणे

निवडीचे खरे काम इथे आहे, त्यामुळे या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. अभ्यासक्रमात साधनांची नावे जितकी ठळक तितका तो अभ्यासक्रम जपून वाचावा. साधने येतात आणि जातात. त्यांच्या मुळाशी असलेल्या कल्पना मात्र टिकतात. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याची, कल्पना १९७० मध्ये मांडली, त्याच दशकात आयबीएममध्ये एसक्यूएल तयार झाली आणि आजही विश्लेषकाचा दिवस बहुधा तिच्यापासूनच सुरू होतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९९१ मध्ये आली आणि आर ही दुसरी भाषा त्यानंतर लवकरच. म्हणजे ज्या गोष्टी नक्की शिकायला हव्यात त्या फारशा नव्या नाहीत.

चांगल्या अभ्यासक्रमात विषयांची साखळी दिसते. आधी संभाव्यता आणि नमुना निवड, मग अनुमान, म्हणजे नमुन्यावरून समष्टीविषयी, म्हणजे संपूर्ण समूहाविषयी, किती खात्रीने बोलता येते ते. त्यानंतर रिग्रेशन, म्हणजे एका राशीचा दुसरीशी असलेला संबंध मोजणे, आणि मग मशीन लर्निंगच्या पद्धती. डेटाबेस आणि डेटाची स्वच्छता हे विषय या साखळीच्या शेजारून चालतात. कोणता विषय घेण्यापूर्वी कोणता पूर्ण झालेला हवा, हे जिथे लिहिलेलेच नाही आणि पहिल्याच सेमिस्टरमध्ये 'डीप लर्निंग'सारखा मशीन लर्निंगचा प्रगत विषय घेता येतो, तिथे एकतर विद्यार्थी बुडतात किंवा विषय पातळ केलेला असतो. प्रयोगाची आखणी आणि कार्यकारणभाव यांवर एखादा विषय असेल तर ती मोठी जमेची बाजू समजावी, कारण कामाच्या ठिकाणी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न 'हे केल्यामुळे ते झाले का?' या प्रकारचे असतात आणि त्यांची उत्तरे केवळ भाकीत करणाऱ्या मॉडेलने मिळत नाहीत.

त्यानंतर मूल्यमापन पाहावे. बहुपर्यायी प्रश्नांवरच सगळे गुण असतील, तर हाताला वळण लागत नाही. स्वाध्याय संगणकच तपासत असेल तर कोड चालतो की नाही एवढेच कळते. निष्कर्ष बरोबर काढला का, हे सांगायला माणूस लागतो. सहाध्यायींनी एकमेकांचे काम तपासायचे असेल, तर त्यावर शिक्षकांची नजर असते का, ते विचारावे. मागच्या सत्रातील एखादा स्वाध्याय आणि त्यावर विद्यार्थ्याला मिळालेला अभिप्राय, नाव काढून, पाहायला मिळेल का, असे प्रवेश कार्यालयाला पत्र लिहून विचारण्यास संकोच करू नये. माहितीपत्रकाची चाळीस पाने वाचून जे समजत नाही, ते या एका कागदावरून समजते.

चौथी पायरी: तासांचा हिशेब

युरोपीय क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. साठ क्रेडिटची मास्टर्स धरली तर किमान १,५०० तास होतात. नोकरी सांभाळून आठवड्याला १२ तास निघत असतील आणि आजारपण, सणवार, प्रवास वजा करून वर्षातील ४५ आठवडे हाती राहत असतील, तर वर्षाला ५४० तास मिळतात. म्हणजे पदवीला पावणेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. त्याच पदवीची जाहिरात 'एका वर्षात पूर्ण' अशी असेल, तर ती आठवड्याला ३० तासांहून अधिक वेळ देऊ शकणाऱ्यासाठी आहे, असे समजावे. अमेरिकी पद्धतीत तीन क्रेडिटच्या विषयाला पंधरा आठवड्यांच्या सत्रात, तास आणि गृहपाठ धरून, दर आठवड्याला सुमारे नऊ तास लागतात. पदवीला छत्तीस क्रेडिट लागत असतील आणि प्रत्येक विषय तीन क्रेडिटचा असेल तर असे बारा विषय होतात. वर्षात तीन सत्रे आणि दर सत्रात एकच विषय घेतला, तर चार वर्षे लागतात.

हा हिशेब कागदावर मांडण्यापूर्वी दोन आठवडे प्रत्यक्ष करून पाहावे. ज्या वेळी अभ्यास करायचे ठरवले आहे त्याच वेळी संख्याशास्त्राचे एखादे मोफत व्याख्यान लावून बसावे आणि उठल्यावर खरे तास लिहून ठेवावेत. बारा तास ठरवून सात भरले, असा अनुभव बहुतेकांना येतो. मग हिशेब सातवरच मांडावा. घरच्यांशी बोलणे याच टप्प्यावर उरकावे. तीन वर्षे दर रविवारची सकाळ जाणार आहे, हे त्यांना आधी माहीत असलेले बरे.

फीविषयी थोडक्यात: ती क्रेडिटमागे आहे की सत्रामागे, हे आधी पाहावे, कारण सत्रामागे असेल तर सावकाश शिकणाऱ्याला पदवी महाग पडते. परीक्षा, पुस्तके, सॉफ्टवेअर यांचा खर्च वेगळा आहे का, विषय सोडल्यास किती दिवसांपर्यंत पैसे परत मिळतात, एखादे सत्र खंड घेता येतो का आणि पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती, हे नियम लेखी मागून घ्यावेत. तास थेट असतील तर ते आपल्या घड्याळानुसार किती वाजता भरतात, हेही त्याच पत्रात विचारावे. दुसऱ्या टाइम झोनमधील संध्याकाळचा तास आपल्याकडे पहाटे तीनला येऊ शकतो.

पाचवी पायरी: प्रवेश आणि पहिला तास यांच्यामधले दोन महिने

हे दोन महिने वाया घालवू नयेत. शाळा-कॉलेजातले गणित कितीही धूळ खात पडलेले असले, तरी मॅट्रिक्सची बेरीज-गुणाकार, डेरिव्हेटिव्हचा अर्थ आणि संभाव्यतेचे मूळ नियम एवढे हाताखालून गेलेले असावे. पायथनमध्ये किंवा आरमध्ये फाइल उघडणे, ओळी गाळणे, गट पाडून सरासरी काढणे आणि एक साधा आलेख काढणे इतके जमले, की पहिले सत्र श्वास घेऊ देते. दोन्ही भाषा एकदम शिकू नयेत. अभ्यासक्रमात जी आधी येते ती घ्यावी.

संगणकाला १६ जीबी रॅम असावी, असे मी सुचवीन. पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवण्याच्या साधनाचे डेस्कटॉप रूप फक्त विंडोजवर चालते, त्यामुळे मॅक वापरणाऱ्याने अभ्यासक्रमात ते आहे का, हे आधीच पाहून ठेवावे. एक्सेल चांगले येते म्हणून निर्धास्त राहू नये. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात आणि जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये फक्त ६५,५३६. ही जुनी मर्यादा लक्षात न आल्यामुळे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. तिथे चूक गणिताची नव्हती. फाइल भरली आहे, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

सहावी पायरी: पहिले सत्र

ऑनलाइन शिकणाऱ्याचा नेहमीचा सापळा म्हणजे व्याख्याने पाहणे यालाच अभ्यास समजणे. व्हिडिओ दीडपट वेगाने संपवता येतो, समजल्यासारखे वाटते आणि स्वाध्यायाची फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा: सोमवारी आधी स्वाध्याय वाचावा, काय येत नाही त्याची चिठ्ठी करावी आणि मग त्या प्रश्नांसाठी व्याख्यान पाहावे. मिळालेल्या वेळेतील निम्म्याहून अधिक वेळ डेटावर हात चालवण्यात जावा. डेडलाइन रविवारी रात्री असेल तर काम शनिवारी चालू अवस्थेत आलेले असावे, कारण शेवटच्या तासात लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) आवृत्ती जुळत नाही, असला एखादा अडथळा हमखास येतो.

हात चालवणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण जवळून पाहू. 'ऑर्डर्स' या टेबलमध्ये १०१ क्रमांकाची, ९०० रकमेची एक ऑर्डर आहे. 'पेमेंट्स' या टेबलमध्ये तिचे दोन हप्ते आहेत, ४०० आणि ५००. ऑर्डरच्या क्रमांकावर दोन्ही टेबले जोडली, म्हणजे जॉइन केली, की निकालात दोन ओळी येतात आणि दोन्हींत ऑर्डरची रक्कम ९०० दिसते. आता त्या कॉलमची बेरीज केली तर १,८०० येते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, विनातक्रार चालते, कुठेही लाल अक्षरे दिसत नाहीत आणि विक्री दुप्पट झाल्याची बातमी वरिष्ठांकडे जाते. हप्त्यांची ऑर्डरनिहाय बेरीज आधी करून मग जोडणी केली असती, तर आकडा बरोबर आला असता. प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या, ही सवय मला दोन स्वाध्यायांत गुण गमावल्यावर लागली. व्याख्यानात ती सांगितली होती. मी ऐकलीही होती.

दुसरे उदाहरण संख्याशास्त्राचे आहे आणि ते वहीत स्वतः मांडून पाहावे. १९८६ मध्ये मुतखड्यावरील उपचारांची तुलना प्रसिद्ध झाली होती. खुल्या शस्त्रक्रियेच्या ३५० रुग्णांपैकी २७३ जणांना गुण आला, म्हणजे ७८ टक्के. त्वचेला छोटे छिद्र पाडून खडा काढण्याच्या पद्धतीत ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. दुसरी पद्धत चांगली, असे कोणीही म्हणेल. आता खड्याच्या आकारानुसार गट पाडू. लहान खड्यांत खुल्या शस्त्रक्रियेचे यश ८७ पैकी ८१, म्हणजे ९३ टक्के, तर दुसऱ्या पद्धतीचे २७० पैकी २३४, म्हणजे ८७ टक्के. मोठ्या खड्यांत पहिलीचे २६३ पैकी १९२, म्हणजे ७३ टक्के, आणि दुसरीचे ८० पैकी ५५, म्हणजे ६९ टक्के. दोन्ही गटांत पहिली पद्धत पुढे आहे आणि एकत्र केल्यावर मागे पडते. कारण असे, की अवघड, मोठ्या खड्यांचे रुग्ण मुख्यत्वे खुल्या शस्त्रक्रियेकडे गेले होते. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. गट कोणता पाडायचा, हे संगणक सांगत नाही. त्यासाठी डेटा कसा जमा झाला याची चौकशी करावी लागते. डॅशबोर्डवरील एका टक्केवारीकडे पाहताना हे आकडे आठवले, तर त्या सत्राची फी वसूल झाली.

चर्चामंचावर प्रश्न विचारताना 'कोड चालत नाही' एवढेच लिहू नये. काय अपेक्षित होते, काय आले, त्रुटीचा संदेश काय आहे आणि आपण काय करून पाहिले, हे लिहिले की उत्तर लवकर मिळते. प्रश्न नीट लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपले आपल्यालाच सापडते. तीन-चार जणांचा अभ्यासगट पहिल्या महिन्यातच जमवावा. चॅटबॉटच्या वापराविषयी प्रत्येक विषयाचे नियम वेगळे असतात आणि ते सत्राच्या सुरुवातीलाच वाचून घ्यावेत. नियम परवानगी देत असले, तरी त्याने लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ आपल्याला तोंडी सांगता आला पाहिजे, ही कसोटी लावावी. प्रॉक्टर (देखरेख करणारा) असलेल्या परीक्षेत मदतीला कोणी नसते आणि मुलाखतीतही नसते.

सातवी पायरी: कॅपस्टोन

कॅपस्टोन म्हणजे पदवीचा शेवटचा प्रोजेक्ट. त्याचा विचार आधीच्या सत्रातच सुरू करावा. आपल्याच कार्यालयातील डेटा वापरण्याची इच्छा साहजिक असते आणि तो उत्तमही असतो, पण त्याची लेखी परवानगी मिळायला कधी कधी दोन-तीन महिने लागतात आणि नावे-पत्ते काढून टाकण्याचे काम वेगळेच. परवानगी येणार नाही असे धरून सार्वजनिक डेटाचा दुसरा पर्याय तयार ठेवावा.

विषय निवडताना आधी प्रश्न लिहावा, मग डेटा शोधावा. 'ग्राहकांच्या वर्तनाचे विश्लेषण' हा प्रश्न नव्हे. 'पहिल्या खरेदीनंतर ९० दिवसांत परत न येणाऱ्या ग्राहकांची ओळख पहिल्या आठवड्यातील नोंदींवरून पटते का?' हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. क्रिस्प-डीएम या रूढ पद्धतीत सहा टप्पे असतात: कामाची गरज समजून घेणे, डेटा समजून घेणे, डेटा तयार करणे, मॉडेल बांधणे, त्याचे मूल्यमापन आणि ते वापरात आणणे. नवशिक्यांचे वेळापत्रक जवळजवळ नेहमी तिसऱ्या टप्प्यावर कोसळते, म्हणून निम्मे आठवडे डेटा तयार करण्यासाठी धरून ठेवावेत. साधे मॉडेल आधी पूर्ण करावे आणि त्याच्याशी तुलना करूनच गुंतागुंतीचे घ्यावे. सगळा कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) असावा, आणि मूळ डेटाच्या फाइलला कधीही हात लावू नये. बदल नेहमी प्रतीवर करावेत. अहवालाचे पहिले पान संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसाला वाचायला द्यावे आणि तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करून ठेवावी.

पदवी हाती आल्यानंतर विद्यापीठाचे खाते काही काळाने बंद होते आणि त्याबरोबर तिथल्या क्लाउडवरील नोटबुक (कोड आणि त्याचे निकाल एकत्र ठेवणाऱ्या फाइल), डेटाबेस आणि विद्यार्थी म्हणून मिळालेले सॉफ्टवेअरही जाते. स्वतःचे स्वाध्याय, कॅपस्टोनचा कोड, लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी आणि शिक्षकांचे लेखी अभिप्राय शेवटच्या सत्राच्या मध्यावरच उतरवून घ्यावेत आणि दुसऱ्या संगणकावर कॅपस्टोनचा कोड पहिल्या ओळीपासून एकदा चालवून पाहावा. तो पहिल्या प्रयत्नात बहुधा चालत नाही, आणि खाते सुरू असेपर्यंतच कारण शोधता येते.